वापरकर्त्याची वाट

आपण लिहिलेलं मराठी लोक उघडतात आणि लगेच बंद करतात, हे मैत्रीला डिसेंबरातल्या एका सोमवारी सकाळी कळलं. बोर्ली पंचतनमधल्या आपल्या घरी ती पडवीत लॅपटॉप घेऊन बसली होती आणि पुण्याहून निकेतचा फोन आला होता.

मैत्री पुण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी घरून काम करायची. कंपनी मासळी सुकवायची यंत्रं बनवत असे. यंत्राचं नाव ‘ऊनवारा’. माणसाच्या उंचीचं पत्र्याचं कपाट, वर काच, आत जाळीचे ट्रे आणि मागे सोलरवर चालणारे दोन पंखे. किनाऱ्यावरच्या बायकांच्या गटांनी ती घेतली होती. सुरुवातीला यंत्राबरोबर कागदी पुस्तिका जायची, पण मासळीच्या ओल्या हातांनी ती महिनाभरात फाटे. म्हणून कंपनीने ती मोबाइलवर आणली. यंत्राच्या दारावर एक चौकोनी कोड चिकटवलेला असे. त्यावर मोबाइल धरला की पुस्तिका उघडे. कोणत्या भाषेत, ते मोबाइलच ठरवी. मोबाइल मराठीत असला तर मराठी, गुजरातीत असला तर गुजराती, काहीच जुळलं नाही तर इंग्रजी. वरच्या कोपऱ्यात भाषा बदलण्याची एक बारीकशी खूण होती, पण ती सहज दिसत नसे.

मराठी पुस्तिका मैत्रीची. हिंदी कुलदीपची. कुलदीप मुळात मेकॅनिक, यंत्रं बसवत गावोगाव फिरणारा. त्याने बसल्या बैठकीला, जसं तोंडी सांगतो तसंच लिहून दिलं होतं. मैत्रीने मात्र चार महिने घेतले होते.

निकेत कंपनीत या सगळ्या पुस्तिकांचं काम बघायचा. त्याने सांगितलं की रायगडच्या किनाऱ्यावर आपली एकतीस यंत्रं आहेत. बहुतेकांचे मोबाइल मराठीत, त्यामुळे पुस्तिका मराठीतच उघडते. पण त्यांतल्या बावीस ठिकाणी लोक अर्ध्या मिनिटात ती बारीक खूण शोधून काढतात आणि हिंदी घेतात. दर वेळी. तीन महिन्यांचे आकडे बघूनच तो बोलत होता. त्याचं म्हणणं असं की लोकांना रोज तेवढा त्रास तरी कशाला द्यायचा? नवीन वर्षापासून महाराष्ट्रात सरळ हिंदीच उघडू दे. मराठी खाली कुठेतरी राहील.

“तुझ्या लिहिण्यात काही चूक नाहीये,” तो म्हणाला. “मी दोघांना तपासायला दिलं होतं. एकही चूक सापडली नाही.”

हे ऐकून मैत्रीला जास्तच वाईट वाटलं. चूक असती तर दुरुस्त करता आली असती. तिने आठ दिवस मागून घेतले, आणि निकेतने ते दिले.

तिची आई, जयमालाबाई, आतल्या खोलीतून सगळं ऐकत होती. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून ती निवृत्त झाली होती. मैत्रीची पुस्तिका छापायला जाण्याआधी तिने पानन् पान लाल पेनाने तपासलं होतं आणि सहा ठिकाणचे ऱ्हस्वदीर्घ बदलून घेतले होते. शेजारपाजारी ती पुस्तिका तिने स्वतःच्या मोबाइलवर दाखवली होती, यंत्राशी त्यांचा काहीही संबंध नसताना. त्यामुळे निकेतचा निरोप तिला स्वतःलाच आल्यासारखा लागला. आपल्याच माणसांना आपली भाषा नकोशी झाली, असं ती दिवसभर म्हणत राहिली. संध्याकाळी मैत्रीने सांगितलं की ती किहीमला जाऊन प्रत्यक्ष बघून येणार आहे. तिथल्या यंत्रावर ती खूण सगळ्यांत जास्त दाबली गेली होती, आणि गेल्या वर्षी त्याच यंत्राची एक तक्रारही आलेली होती.

“मीपण येते,” जयमालाबाई म्हणाली. “मला त्यांना एकदा विचारायचंय.”

काय विचारायचंय ते तिने सांगितलं नाही, आणि मैत्रीला ते ऐकायची घाईही नव्हती.

बुधवारी पहाटेच निघून दोघींनी दिघीचा धक्का गाठला आणि पहिल्या बोटीने खाडी ओलांडून त्या आगरदांड्याला उतरल्या. बोटीवरच्या पाट्या वाचत जयमालाबाईने ‘प्रवाशांनी’ हा शब्द दोन ठिकाणी ‘प्रवाश्यांनी’ असा चुकीचा लिहिल्याचं मैत्रीला दाखवलं. मुरूडवरून अलिबाग आणि अलिबागहून रिक्षा करून किहीमला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. वाटेत आईने पर्समधून पुस्तिकेची छापील प्रत काढली आणि पुन्हा चाळली. वाक्यं तिला आजही सुरेख वाटत होती.

कृष्णाबाईंचं घर गावाबाहेर, नारळी संपतात तिथे होतं. घरामागे पत्र्याची शेड, शेडीसमोर उन्हात ऊनवारा उभा. आत सहा बायका बोंबील साफ करत बसल्या होत्या. कृष्णाबाई पन्नाशीच्या पुढच्या, ठेंगण्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. गटाच्या त्या प्रमुख. त्यांची सून अमिषा बारावी झालेली, तिच्याच मोबाइलवर पुस्तिका बघितली जायची. मैत्रीने, आपण कंपनीकडून आलो आहोत, यंत्र कसं चालतंय ते बघायचंय, एवढंच सांगितलं. पुस्तिका आपण लिहिली, हे तिने सांगितलं नाही. आईलाही तिने रिक्षातच तंबी दिली होती.

कृष्णाबाईंनी दोघींना खुर्च्या दिल्या, चहा दिला आणि यंत्राची तारीफ केली. पूर्वी बांबूच्या वलांडीवर उघड्या उन्हात बोंबील टाकले की कावळे, कुत्री आणि धूळ यांच्याशी दिवसभर भांडण. आता ते गेलं. मैत्रीने काम बघायची परवानगी मागितली, तेव्हा त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी बायकांना हाक मारली.

सोनाबाई नावाची एक उंच बाई ट्रे घेऊन पुढे आली. तिने चिरलेले बोंबील ट्रेवर एकेक करून नीट मांडले, एकाला एक न चिकटता. मांडणी इतकी देखणी होती की मैत्री बघतच राहिली. ट्रे भरला. मग सोनाबाईने सगळे बोंबील दोन्ही हातांनी गोळा केले, टोपलीत टाकले, आणि पहिल्यापासून पुन्हा एकेक करून मांडायला सुरुवात केली. दुसऱ्या ट्रेवरच्या बाईनेही तेच केलं. तिसऱ्यावरचीनेही. कुणी एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. ते त्यांच्या रोजच्या कामातलंच होतं.

मैत्रीने विचारलं की एकदा मांडलेले बोंबील उचलून पुन्हा का मांडले.

“कंपनीचाच नियम हाय,” कृष्णाबाई म्हणाल्या. “आमालाबी पयला येडेपना वाटला. पन मासली चांगली सुकते, मग कशाला बोला?”

मैत्रीला असा कुठलाही नियम आठवेना. तिने अमिषाला तो दाखवायला सांगितलं. अमिषाने दारावरच्या कोडवर मोबाइल धरला. मराठी पुस्तिका उघडली, आणि अमिषाने तिच्याकडे नजरही न टाकता अंगठ्याने कोपऱ्यातली खूण दाबून हिंदी घेतली. शेजारी बसलेल्या जयमालाबाईने दीर्घ श्वास घेतला. मैत्रीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

पान उघडलं. कुलदीपने लिहिलं होतं, “आप ट्रे पर मछली की एक ही परत बिछाइए.”

“हे बघा,” अमिषा म्हणाली. “एकदा परत. म्हणजे मासळी एकदा टाकायची, आणि मग परत एकदा टाकायची.”

मैत्रीने सांगितलं की हिंदीत परत म्हणजे थर. मासळीचा एकच थर द्या, एकावर एक टाकू नका, एवढंच कुलदीपला म्हणायचं होतं. पुन्हा मांडायला त्याने कधी सांगितलेलं नाही.

सोनाबाईच्या हातात टोपली तशीच होती. ती टोपलीकडे बघत होती आणि मनात काहीतरी मोजत असावी, कारण बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “म्हंजे दीड वरीस.” मग पहिल्यांदा तीच हसायला लागली, तिच्यामागे बाकीच्या, आणि शेवटी कृष्णाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. दीड वर्ष त्यांच्या गटाने किहीमजवळचा प्रत्येक बोंबील दोनदा मांडला होता.

हसणं ओसरल्यावर मैत्रीला राहवलं नाही. तिने विचारलं की हिंदी पूर्ण कळत नाही तर मराठी का वाचत नाही? पुस्तिका मराठीत उघडते, मग ती बदलता का?

अमिषाने सासूकडे बघितलं. कृष्णाबाईंनी चहाचे कप एकात एक ठेवले आणि म्हणाल्या, “मराठी चांगलीच हाय. पन ती आमच्यासाठी न्हाय. ती वापरकर्त्यासाठी हाय.”

“म्हणजे?” जयमालाबाईने विचारलं. दुपारभरात ती पहिल्यांदा बोलली होती.

मग कृष्णाबाईंनी पहिल्यापासून सांगितलं. यंत्र आलं तेव्हा कुलदीपने ते बसवून, चालवून दाखवलं आणि तो गेला. यांनी मराठी पुस्तिका उघडली. पहिल्याच पानावर होतं, ‘वापरकर्त्याने प्रथम सर्व सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात.’ म्हणजे वापरकर्ता म्हणून कुणी माणूस असणार, असं त्यांनी धरलं. बँकेत रोखपाल असतो, रेशनला पुरवठा निरीक्षक असतो, तसा कंपनीचा वापरकर्ता. पुढे जिथेतिथे तोच. वापरकर्त्याने दर पंधरा दिवसांनी मागील जाळी स्वच्छ करावी. वापरकर्त्याने पंख्यांची तपासणी करावी. वापरकर्त्याने ओले हात लावू नयेत. कंपनी एवढी काळजी घेते, दर पंधरा दिवसांनी माणूस पाठवते, याचं त्यांना कौतुकच वाटलं. पंधरा दिवस झाले, कुणी आलं नाही. महिना झाला. आज तरी येईल म्हणून एका गुरुवारी त्यांनी माशांचं कालवणसुद्धा करून ठेवलं होतं. दरम्यान जवळ्याच्या भुकटीने मागची जाळी बुजत चालली होती. हे त्यांना दिसत होतं, पण वापरकर्त्याच्या कामात आपण हात घालावा की नाही, हे ठरेना. दीड महिन्याने वारा यायचाच थांबला आणि दोन ट्रे बोंबील आंबून गेले.

“मंग मी कंपनीला फोन लावला,” कृष्णाबाई म्हणाल्या. “सांगितलं, तुमचा वापरकर्ता आलाच न्हाय. दीड म्हयना वाट बघितली. फोनवरच्या पोरीनं लिवून घेतलं.”

“आणि?” मैत्रीने विचारलं. ती तक्रार तिला आठवत होती. ती कशी निकाली काढली गेली, तेही आठवायला लागलं होतं.

“आनि आठ दिसांनी मोबाइलवर उत्तर आला. अमिषा, दाखव गो.”

अमिषाने तो निरोप जपून ठेवला होता. ‘आपल्या तक्रारीची चौकशी केली असता, सदर बिघाड वापरकर्त्याच्या चुकीमुळे झाल्याचे आढळून आले आहे.’

“कंपनी सरळ हाय बघा,” कृष्णाबाई म्हणाल्या. “आपल्या मानसाची चूक कबूल केली. नायतर कोन करतो? आमी सोडून दिलं, आनि तवापासनं हिंदी बघतो. मनात म्हटलं, त्याचीबी काय अडचण असंल, घरी कोन आजारी असंल.”

जयमालाबाईच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. मैत्रीने घाबरून तिच्याकडे बघितलं. आई हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, चष्मा काढून, पदराने डोळे पुसत ती हसत होती, आणि मैत्रीने तिला असं हसताना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. त्या मागे-पुढे हलणाऱ्या बाईकडे बघून बाकीच्यांनाही पुन्हा हसू फुटलं, जरी कशाला हसायचं ते त्यांना अजून कळलेलं नव्हतं.

मैत्रीने मग वापरकर्ता म्हणजे कोण ते सांगितलं. तुम्हीच. यंत्र वापरतो तो वापरकर्ता. हे सांगताना तिला वाटलं होतं की त्या पुन्हा हसतील, पण कृष्णाबाई हसल्या नाहीत. त्या विचारात पडल्या.

“मी?” त्या म्हणाल्या. “मंग मलाच सांगायचं व्हतं, तर माज्याकडं बघून का न्हाय सांगितलं? हिंदीवाला बघ, आप म्हनतो. आप म्हंजे मी, हे मला कलतं. त्याचे चार शबुद कललं न्हाय तरी तो माज्याशी बोलतोय, हे कलतं.”

मैत्रीने खाली बघून सांगून टाकलं की ते मराठी तिने लिहिलं होतं.

कृष्णाबाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला; हाताला बोंबलाचा वास होता. “तू चांगलंच लिवलंयस गो. पन लिवताना तू कुनाशी बोलत व्हतीस?”

मैत्रीने आठवून बघितलं. चार महिने ती पडवीत बसून लिहीत होती, आणि समोर कुणीही नव्हतं. निकेत असेल, नाहीतर तपासणारे ते दोघे.

उत्तर आईने दिलं.

“माझ्याशी,” जयमालाबाई म्हणाली. “तिने पहिल्यांदा ‘तुम्ही’ असंच लिहिलं होतं. मी खोडायला लावलं. म्हटलं, लेखी भाषा अशी नसते.”

मग कुणी विचारलं नसतानाही ती बोलत राहिली. अध्यापक विद्यालयात पहिल्या वर्षी वर्गात उभं राहून धडा वाचताना तिच्या तोंडून ‘न्हाय’ निघालं होतं आणि सगळा वर्ग हसला होता. तिची आई, बायजाबाई, दुसऱ्यांच्या शेतावर राबून तिची फी भरत होती. त्या दिवसापासून जयमालाने ठरवलं की आपल्या मराठीला कुणाला बोट लावायला जागा ठेवायची नाही. आणि ठेवली नाही. घरी आईशी बोलतानाही ती शुद्धच बोलायला लागली, तेव्हा बायजाबाई एकदा म्हणाली होती की पोरगी साहेबीण झाली, आता तिच्याशी काय बोलायचं ते मला सुचत नाही. मैत्रीने ही गोष्ट आधी कधी ऐकलेली नव्हती.

कृष्णाबाईंनी सांत्वन वगैरे केलं नाही. त्या म्हणाल्या, “बाई, तुमी मास्तरीन. आता इथं बसा आनि हे नीट करा. माजं बोंबील दोनदा मांडून पाठ गेली.”

त्या दुपारी जायच्या ऐवजी दोघी राहिल्या. दुसरा दिवसही राहिल्या. शेडीत सतरंजी टाकून मैत्री लॅपटॉप घेऊन बसली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. आधी तिने उत्साहाच्या भरात एक पान कृष्णाबाईंच्याच बोलीत लिहून वाचून दाखवलं. तिला वाटलं होतं, त्या खूश होतील. कृष्णाबाईंनी ते अर्ध्यात थांबवलं.

“हे काय नाटक हाय काय?” त्या म्हणाल्या. “घरात आमी कसंबी बोलू. मोबाइलवर सगल्या गावांत दिसनार ते. सालंत शिकवतात तसंच लिव. फकस्त माज्याशी बोल.”

जयमालाबाईला हे फार आवडलं. तिने लाल पेन काढलं. पण या वेळी ती वेगळंच काम करत होती. मैत्री वाक्य वाचायची, आणि आई विचारायची, हे कुणी कुणाला सांगितलं? सांगणारा किंवा ऐकणारा हरवला असेल तर वाक्याखाली लाल रेघ. ‘आर्द्रता’ गेली आणि ‘ओल’ आली. ‘पूर्णतः शुष्क झाल्याची खातरजमा करावी’ या वाक्यापाशी दोघी बराच वेळ अडल्या. शेवटी कृष्णाबाईंनी सुकलेला एक बोंबील उचलून मोडून दाखवला, आणि मैत्रीने लिहिलं, ‘बोंबील मोडून बघा. कट् असा आवाज आला तर तो सुकला. वाकला तर अजून दोन तास ठेवा.’ आईने हे वाक्य तीनदा वाचलं आणि त्यावर काही खूण केली नाही.

तपासणीचं काम सोनाबाईकडे आलं. तिला वाचता येत नव्हतं, पण ऐकलेलं ती जसंच्या तसं करत असे. जयमालाबाई वर्गात वाचायची तशी एकेक वाक्य मोठ्याने वाचायची आणि सोनाबाई यंत्रासमोर तेवढंच करायची. ती थबकली की वाक्य चुकलं. ‘उजवीकडील कळ दाबा’ म्हटल्यावर ती यंत्राच्या मागे उभी असल्याने तिने भलतीकडे हात घातला. मग ते, ‘दाराकडे तोंड करून उभ्या राहा, तुमच्या उजव्या हाताला हिरवी कळ आहे,’ असं झालं. जाळी काढायच्या पानावर ती तब्बल सात वेळा थबकली आणि ते पान सात वेळा लिहावं लागलं. आठव्या वेळी जाळी तिच्या हातात आली. ती घेऊन सोनाबाई सगळीकडे दाखवत फिरली.

एक गोष्ट मात्र मैत्रीच्या हातात नव्हती. अमिषा दुपारी बाजारात गेली तेव्हा दुसऱ्या बाईने आपल्या मोबाइलवर पुस्तिका उघडली, तर ती इंग्रजीत आली. तिच्या पुतण्याने मोबाइल इंग्रजीत ठेवला होता. तिला ते बदलता येईना. म्हणजे यंत्र तेच, बायका त्याच, आणि भाषा ठरवत होता कुणाचा तरी पुतण्या.

शुक्रवारी सकाळी तिने शेडीतूनच निकेतला फोन लावला आणि सगळं सांगितलं. वापरकर्त्याची हकिकत त्याने तिला दोनदा सांगायला लावली. मग तो म्हणाला की ते उत्तर पाठवायची पद्धत त्यानेच बसवली होती. तो उद्याच कृष्णाबाईंना फोन करून स्वतः बोलेल.

मैत्रीने दोन गोष्टी मागितल्या. नवी मराठी पुस्तिका महिनाभर चालवून बघायची. आणि भाषा मोबाइलने ठरवायची नाही. पहिल्यांदा कोड धरला की चारही भाषांत एकच साधं वाक्य मोठ्या अक्षरांत दिसू दे. ‘ट्रेवर मासळीचा एकच थर लावा.’ ज्याला जे वाक्य कळेल त्यावर त्याने बोट ठेवायचं. ती निवड त्या यंत्राच्या नावाने लक्षात ठेवायची, म्हणजे मोबाइल कुणाचाही असो, पुढच्या वेळी तीच भाषा उघडेल.

“नुसतं भाषेचं नाव नको?” निकेतने विचारलं. “मराठी, हिंदी असं?”

“नको. नाव विचारलं की माणूस अभिमानाने निवडतो,” मैत्री म्हणाली. “वाक्य दाखवलं की समजून निवडतो.”

निकेत म्हणाला की हे करायला तीन दिवस लागतील. सहा लागले.

जानेवारी संपता संपता आकडे आले. एकतीसपैकी चोवीस यंत्रांवर लोकांनी मराठी वाक्यावर बोट ठेवलं होतं आणि ते तिथेच राहिले होते. तीन यंत्रं गुजरातीत गेली, ती गुजराती व्यापाऱ्यांची होती आणि त्यांचे मोबाइल इंग्रजीत असल्याने पहिल्यापासून बिचारी इंग्रजीत अडकली होती. चार हिंदीतच राहिली. त्यांतल्या दोन ठिकाणी कामाला उत्तर प्रदेशातली माणसं होती. उरलेल्या दोन गटांनी हिंदी का घेतली ते कळलं नाही, आणि मैत्रीने तसंच लिहून कळवलं. कुलदीपने तिला फोन करून आपलं ‘परत’ बदलल्याचं सांगितलं. आणखी कुठे असे सुरुंग पेरलेत, हे त्याला तिच्याकडून तपासून हवं होतं. तिने आठ शोधून दिले.

आईचं म्हणाल तर जयमालाबाई फेब्रुवारीत एकटीच पुन्हा किहीमला जाऊन आली. गटातल्या चौघींना वाचायला शिकायचं होतं, त्यांत सोनाबाई पहिली. चार दिवसांसाठी गेलेली ती अकरा दिवस राहिली आणि येताना दोन किलो बोंबील घेऊन आली. फोनवर कृष्णाबाईंशी बोलताना तिच्या तोंडून आता मधूनच ‘व्हय’ निघतं.

मार्चमध्ये कंपनीने मैत्रीकडे नवीन काम दिलं. कंपनी आता भाताची छोटी गिरणीही बनवत होती, तिची पुस्तिका. तिने लॅपटॉप उघडला नाही. बोर्लीतच बाजाराच्या टोकाला अनंता नावाचा गिरणीवाला आहे, साठीचा, एका कानाने कमी ऐकणारा. ती सकाळी त्याच्याकडे गेली आणि दिवसभर बसू का म्हणून विचारलं. कशासाठी, असं त्याने विचारलं. तुम्ही काम करताना बघायचंय, ती म्हणाली. अनंताने भुशाचं एक पोतं झटकून भिंतीशी ठेवलं, ती बसली, आणि त्याने पट्टा चढवून गिरणी सुरू केली.